पाळणाघरात मूल ठेवण्यापूर्वी कोणते नियम विचारून घ्यावेत?

प्रसूती रजा संपत आली की लसीकरणासाठी आलेली आई एक प्रश्न हमखास विचारते : "डॉक्टर, बाळाला पाळणाघरात ठेवले तर चालेल का?" छत्रपती संभाजीनगरमध्ये वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कंपन्यांत नवरा-बायको दोघेही कामाला आणि आजी-आजोबा गावाकडे, अशी बरीच घरे आहेत. अशा घरांसाठी उत्तर सोपे आहे : चालेल. मात्र पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रे, खेळणी आणि फी पाहून निर्णय घेऊ नका. तेथील नियम विचारा.

नियम विचारण्याची एक सोपी पद्धत आहे. "तुमच्याकडे सुरक्षिततेची काय व्यवस्था आहे?" असे विचारले तर "सगळी आहे" असेच उत्तर मिळेल. त्याऐवजी असे विचारा : "दुपारी ३ वाजता माझ्या बाळाला ताप आला आणि माझा फोन लागला नाही, तर तुम्ही काय कराल?" हाच प्रश्न पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना विचारा आणि वेगळा, मुले प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या ताईंनाही विचारा. दोघींची उत्तरे जुळली तर तिथे नियम आहे. जुळली नाहीत तर तो फक्त कागदावर आहे.

किती मुलांमागे किती माणसे?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. तुमच्या कंपनीत ही सोय आहे का, हे मनुष्यबळ विभागाला आधी विचारा. अनेक आयांना हा हक्क माहीतच नसतो.

अशा पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि सोबत एक मदतनीस, हे त्यातले किमान प्रमाण. खासगी पाळणाघर पाहतानाही हेच माप हातात ठेवा. माझ्या मते एक वर्षाखालील बाळांसाठी तेही अपुरे आहे. भरवणे, कुशीत घेऊन झोपवणे, लंगोट बदलणे हे सर्व एका बाईने तीन-चार बाळांपर्यंतच नीट होते.

यादीवर तीन ताई असतात, पण दुपारी १ ते ३ च्या दरम्यान दोघी जेवायला गेलेल्या असतात. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा नेमके त्याच वेळी, न कळवता जाऊन या. आई-वडिलांना कधीही आत येऊ देत नाहीत अशा ठिकाणी मूल ठेवू नका. या बाबतीत मी तडजोड सांगत नाही.

आजारी मुलाचा नियम आणि सकाळचा पॅरासिटामॉल

हा नियम पाळणाघरापेक्षा आई-वडीलच जास्त मोडतात. रात्री मुलाला ताप होता, सकाळी पहिल्या पाळीला जायचे आहे, रजा शिल्लक नाही. मग सात वाजता पॅरासिटामॉल पाजून मूल पाळणाघरात सोडले जाते. ताप चार तास दबतो. साडेअकराला पुन्हा चढतो, तेव्हा ताई त्यांच्याकडची बाटली काढतात. सकाळी एक डोस झाला आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. संध्याकाळी घरी आजी तिसरा देते. दवाखान्यात अशी मुले येतात, तेव्हा २४ तासांत नेमके किती औषध गेले याचा हिशेब कोणालाच लागत नाही.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो : एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तास. खरी गफलत बाटलीत होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरप दोन प्रकारचे मिळते : ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम किंवा २५० मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर थेंबांचे दीड मिलिलिटर, २५० च्या सिरपचे ३ मिलिलिटर आणि १२० च्या सिरपचे साधारण ६ मिलिलिटर होतात. म्हणजे "६ एमएल द्या" एवढेच सांगितले आणि ताईंच्या हाती थेंबांची बाटली आली, तर चौपट औषध जाते. जास्त झालेला पॅरासिटामॉल यकृताला इजा करतो आणि पहिल्या दिवशी मूल वरून ठीकच दिसू शकते. असा संशय आला तर लक्षणांची वाट पाहू नका, बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा.

म्हणून पाळणाघराचा नियम असा हवा : मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेली, घरून आलेली बाटलीच वापरायची, औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ तुमच्या हस्ताक्षरात असावी, दिलेला प्रत्येक डोस वहीत वेळेसह लिहायचा. तुमच्या बाजूनेही एक नियम पाळा. सकाळी औषध दिले असेल तर वेळ सांगा. ओशाळू नका, लपवू मात्र नका.

झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचे सिरप, ग्राईप वॉटर किंवा बाळगुटी देणाऱ्या जागा आजही आहेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या कफ सिरपमुळे मुले दगावली. त्यांतील अनेकांवर उपचार आपल्या नागपुरात झाले. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत असे केंद्रीय आरोग्य खात्याने बजावले. सिरप शुद्ध असले तरी लहान बाळाला झोपवण्यासाठी ते वापरणे धोक्याचेच. तुमचे मूल रोज घरी येऊन सुस्त राहात असेल, नेहमीपेक्षा फार झोपत असेल, तर दुपारी काय दिले जाते हे थेट विचारा.

मूल घरी केव्हा ठेवावे? ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर. औषधाशिवाय २४ तास ताप नाही असे झाल्यावर पाठवा. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस. हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. नुसते वाहते नाक आणि मूल खेळते आहे, तर घरी ठेवण्याची गरज नाही. पाळणाघरातील पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होऊ शकते. त्यासाठी दर वेळी अँटिबायोटिक लागत नाही.

पाळणाघर लसीकरणाचे कार्ड मागते का, हेही पाहा. मागत असेल तर चांगले लक्षण. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस ९ व्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास मिळते. कांजिण्या, गालगुंड आणि फ्लूच्या लसी त्यात नाहीत. त्यांबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला.

झोप आणि खाणे

एक वर्षाखालील बाळाला प्रत्येक झोपेला उताणेच झोपवावे, घट्ट सपाट गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशी, दुपटी, मऊ खेळणी बाजूला. घरी उताणे झोपणाऱ्या बाळाला दुसऱ्या कोणी अचानक पालथे झोपवले तर अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ही गोष्ट ताईंना स्वतः सांगा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. झोळी असेलच तर बाळ नजरेआड नको.

चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे, फुटाणे, काजू, खोबऱ्याचे तुकडे, अख्खी द्राक्षे नकोत. वाढदिवसाला वाटलेली चिवड्याची पुडीसुद्धा यात आली. खाताना एकदम ठसका लागला आणि नंतर खोकला किंवा छातीत घरघर राहिली, तर दाणा श्वासनलिकेत असू शकतो. तो दुर्बिणीने काढावा लागतो. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही नको.

घशात अडकल्यावर काय करायचे, हे ताईंना करून दाखवायला सांगा. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर खांद्यांच्या मध्ये ५ थापा. न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब. असे आलटून पालटून. मोठ्या मुलाला ५ थापा आणि मग बेंबीच्या वर आत-वरच्या दिशेने ५ झटके. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये. ती आणखी खोल जाते. दुसऱ्या कोणी १०८ ला फोन लावावा.

आपल्या शहरातले धोके

संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाळणाघरात ड्रम, टाक्या, बादल्या भरलेल्या असतातच. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की उलटे पडते आणि बाहेर येता येत नाही. आवाजही होत नाही. पाण्याची जागा मुलांच्या खोलीपासून दाराने तोडलेली हवी, दाराला वरून कडी हवी, ड्रमला घट्ट झाकण हवे. तुम्ही गेल्यावर स्नानगृहात डोकावून पाहा, परवानगी मिळेल.

याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो आणि तो दिवसा चावतो, नेमका मुलांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामे करून घासणे आणि दुपारच्या झोपेला मच्छरदाणी, एवढे मागाच. कूलरच्या टाकीलाही तेच लागू. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि कूलर लावावाच लागतो. पण पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरते. त्याला अर्थिंग हवे आणि तो मुलांच्या हाताबाहेर, शक्यतो खिडकीबाहेर असावा.

कॅमेरा, अंगावरच्या खुणा आणि स्वच्छतागृह

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात १० महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि महाराष्ट्र हादरला. तिथे कॅमेरा होता, तरी मारहाण झाली. आई-वडिलांनी बाळाच्या कपाळावरची खूण पाहून प्रश्न विचारले, म्हणून ती उघड झाली. कॅमेऱ्याने पुरावा मिळतो. राखण माणसांनाच करावी लागते.

म्हणून रोज संध्याकाळी कपडे बदलताना बाळाचे अंग पाहा. चालणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांवर, नडग्यांवर, कपाळावर खुणा असतात. त्यांचे घाबरू नका. कान, मान, पोट, पाठ किंवा कुल्ल्यांवर निळा डाग असेल, किंवा अजून पालथे पडत नसलेल्या बाळाच्या अंगावर कुठेही डाग असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लहानसहान पडण्याचीही नोंद लिहून त्याच दिवशी तुम्हाला सांगणे, हा पाळणाघराचा नियम हवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले ते स्वच्छतागृहात. तिथे कॅमेरा लावताच येत नाही. त्यामुळे मुलाला शी-शूला कोण नेते, हे नावानिशी विचारा. ती जबाबदारी ठरलेल्या बाईंचीच असावी, दार पूर्ण बंद नसावे आणि स्वच्छता कर्मचारी मुले तिथे असताना आत नसावा. मूल शूच्या जागी दुखते म्हणाले, एखाद्या व्यक्तीला अचानक घाबरू लागले, तर त्याला उलटसुलट प्रश्न विचारू नका, आंघोळ घालू नका, डॉक्टरांकडे न्या. पोक्सो कायद्यानुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वीही तपासणी होऊ शकते आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. पोलिसांना कळवणे डॉक्टरांनाच नव्हे, संशय असलेल्या प्रत्येकाला बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

मूल कोणाच्या हाती द्यायचे, त्या व्यक्तींची नावे आणि फोटो पाळणाघराकडे द्या. यादीबाहेरचे कोणी आले, मग तो सख्खा काका का असेना, तुम्हाला फोन केल्याशिवाय मूल सोडायचे नाही. पाळीची वेळ बदलून तुम्हीच शेजारणीला पाठवले तरीही ताईंनी फोन करावा. त्यांनी केला तर रागावू नका.

तातडीने रुग्णालयात केव्हा न्यावे?

तीन महिन्यांखालील बाळाला ताप. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, गुंगी किंवा झटके. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे. आठ तास शू न होणे. विषारी वस्तू किंवा बटण सेल गिळल्याचा संशय. यांपैकी काहीही असेल तर पाळणाघराने आधी रुग्णालय गाठावे आणि वाटेत तुम्हाला फोन करावा. प्रवेशाच्या दिवशीच एक कागद लिहून द्या : बाळाचे वजन, रक्तगट, ॲलर्जी, तुमचे दोघांचे आणि कंपनीच्या गेटचे फोन, बालरोगतज्ज्ञांचा फोन, आणि जवळचे कोणते रुग्णालय, घाटी की दुसरे. तुम्ही पोहोचेपर्यंत उपचार सुरू करण्यास संमती आहे, हे वाक्य सहीसह त्यात असू द्या. वजन दर तीन महिन्यांनी बदला. औषधाची मात्रा त्यावरच ठरणार आहे.