रॅकेटचे खेळ आणि वऱ्हाड : देशी-विदेशी वर्गीकरणाचा पुनर्विचार

वऱ्हाडातील व्यायामपरंपरेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. १९१४ साली अंबादासपंत वैद्य व अनंतराव वैद्य या बंधूंनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची व कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखविली. या गौरवशाली परंपरेच्या प्रभावामुळे खेळांची देशी व विदेशी अशी विभागणी करण्याची सवय दृढ झाली. कुस्ती, मल्लखांब, लेझीम, हुतुतू हे देशी. टेनिस, बॅडमिंटन यांसारखे खेळ विदेशी. दुसऱ्या वर्गात पडल्यामुळे रॅकेटच्या खेळांची स्थानिक इतिहासात फारशी दखल घेतली जात नाही. परंतु ही विभागणी पुराव्याच्या कसोटीस कितपत उतरते, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

रॅकेटचे खेळ एका कुळातील भासले, तरी त्यांची वंशावळ सरळ नाही. फ्रान्समधील जुन्या टेनिसमध्ये प्रारंभी चेंडू तळहाताने मारीत. रॅकेट मागाहून आली. इंग्लंडात ‘रॅकेट्स’ हा भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ लंडनमधील कर्जदारांच्या तुरुंगांत वाढला, आणि हॅरो शाळेतील मुलांच्या हातून त्यातून स्क्वॉश निपजला. मेजर विंगफील्ड यांनी १८७४ साली लॉन टेनिसचे एकस्व घेतले व १८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. हिरवळीवर उसळी घेणारा रबरी चेंडू उपलब्ध झाला नसता, तर हा खेळ संभवलाच नसता. तात्पर्य, खेळाचे स्वरूप एकट्या रॅकेटने ठरत नाही. चेंडू कोणता व जमीन कशी, यांवर ते मुख्यत्वे अवलंबून असते.

बॅडमिंटनचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. पिसांचे फूल फळीने झेलत राहण्याचे खेळ अनेक देशांत होते. जपानमधील ‘हानेत्सुकी’ हा त्यांपैकीच एक. या खेळाला जाळे व नियम यांची जोड मिळाली ती बव्हंशी हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांकडून. १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी वसाहतीत त्याचे नियम बांधले गेले आणि काही काळ तो ‘पूना’ या नावानेच ओळखला जाई. पुढे इंग्लंडातील बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव त्यास चिकटले आणि १८९३ साली तेथे संघटना स्थापन झाली. पुणे हे या खेळाच्या घडणीचे एक केंद्र होते, एवढ्यावरून तो मराठी खेळ होता असे मात्र म्हणता येणार नाही. तो खेळणारे राज्यकर्ते होते. तथापि तो इंग्लंडातून आयता आला, हा समजही तितकाच अपुरा आहे.

याहून उद्बोधक कथा बॉल बॅडमिंटनची आहे. या खेळाचा उगम तंजावरच्या भोसले राजघराण्याशी परंपरेने जोडला जातो. यात पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू असतो आणि एका बाजूस पाच खेळाडूही खेळू शकतात. फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, तर लोकरीच्या चेंडूचे २७ ते ३० ग्रॅम. वाऱ्याने फूल भरकटते. चेंडू त्या मानाने आपला मार्ग सोडीत नाही. जपानमध्येही आयात केलेला टेनिसचा चेंडू दुर्मिळ व महाग असल्यामुळे साध्या रबरी चेंडूवर ‘सॉफ्ट टेनिस’ हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. दोन्हीकडे चेंडू बदलला आणि त्याबरोबर खेळही निराळा झाला.

वऱ्हाडचा विचार याच अंगाने करावयास हवा. १८५३च्या तहाने हा प्रांत ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली गेला. पुढे रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि अमरावतीस ‘कॅम्प’ची वस्ती झाली. परंतु येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. उसळत्या चेंडूच्या टेनिसला ती निरुपयोगी. मुरूम घालून, पाणी मारून, रूळ फिरवून मैदान सिद्ध करावे लागते आणि ते राखण्यास माणूस लागतो. फुलाच्या बॅडमिंटनला बंदिस्त सभागृह हवे. म्हणजे दोन्ही खेळांच्या दाराशी खर्च उभा आहे. लोकरीचा चेंडू जमिनीवर टप्पा पडण्यापूर्वीच मारावयाचा असल्यामुळे अकोल्याच्या वा अमरावतीच्या शाळेचे साधे पटांगण आणि उन्हे कलल्यानंतरची वेळ त्यास पुरते. आंतरविद्यापीठीय स्पर्धांत या खेळास स्थान आहे. त्याचा विचार याही कारणाने व्हावयास हवा.

खरा प्रश्न जन्मस्थानाचा नसून प्रवेशाचा आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्यांनी १९४०च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळविला. १९५२ साली मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली व जपानच्या हिरोजी सातो यांनी स्पंजाच्या फळीने ती जिंकली. ज्यांना सभागृह, साधने व सवड लाभली, त्यांच्या हाती हे खेळ ‘विदेशी’ राहिले नाहीत. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांतूनही पुढे आधुनिक खेळांना जागा मिळाली. अभ्यासकांनी जपलेली भिंत खुद्द संस्थेने मानली नाही, असेच म्हणावे लागते.

यास्तव वऱ्हाडच्या क्रीडा-इतिहासाच्या संशोधकांनी खेळ आला कोठून यापेक्षा तो कोणत्या जमिनीवर, कोणत्या चेंडूने व कोण खेळले, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. त्याची उत्तरे क्लबांच्या सभासद-वह्यांत, शाळांच्या जिमखाना-खर्चाच्या पावत्यांत आणि वृद्ध खेळाडूंच्या स्मृतीत शोधावी लागतील. कागद वाळवीच्या तोंडी पडतात आणि माणसे निघून जातात. ‘विदेशी’ म्हणून बाजूस ठेवलेला हा पुरावा एकदा नष्ट झाला, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या पटांगणांवर रॅकेट कोणाच्या हाती आली आणि कोणाच्या हाती आली नाही, हे सांगणारा दुसरा पुरावा सहजी मिळणार नाही.