छेदक विकरांचा पूर्वेतिहास

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या बाजारपेठेच्या गावी बियाण्याची पिशवी विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास तिच्यामागील विज्ञानेतिहासाचा दाखला क्वचितच कोणी देतो. आणि तो मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे मी मानतो.

आक्रमक विषाणूचे डीएनए विशिष्ट विकरांनी तोडून टाकावे आणि स्वतःच्या डीएनएवर मात्र मिथिल गटांची मोहर उमटवून ते अभंग राखावे, असा बंदोबस्त जिवाणूंपाशी असतो, ही उपपत्ती वेर्नर आर्बर यांनी मांडली. हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये नेमक्या स्थळी छेद देणारे विकर वेगळे केले, डॅनियल नॅथन्स यांनी त्याच्या साहाय्याने विषाणूच्या डीएनएचा नकाशा आखला, आणि १९७८ चे नोबेल पारितोषिक या तिघांस विभागून मिळाले. ‘ईको-आर-वन’ हे विकर जीएएटीटीसी ही अक्षरमाला आढळताच दोन्ही पदरांत जी आणि ए यांच्यामध्ये छेद देते. त्यामुळे चार अक्षरांची मोकळी टोके उरतात, ती दुसऱ्या जीवाच्या तशाच टोकांशी जुळतात, आणि लायगेज हे विकर तो सांधा पक्का करते. जनुक अभियांत्रिकीचे मर्म मला या मोकळ्या टोकांतच दिसते.

महाराष्ट्रात ही विद्या कापसाच्या वाटेने आली. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात १९६४ मध्ये स्थापिलेल्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना, ज्यांत मातीतील एका जिवाणूचे बोंडअळीनाशक विष बनवणारे जनुक होते, केंद्र सरकारच्या समितीने मार्च २००२ मध्ये सशर्त परवानगी दिली; पुढे गुलाबी बोंडअळी मात्र त्या विषाला दाद देईनाशी झाली.