छावणीतल्या घोड्यांचा बिछाना



अंबाजोगाईच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण योगेश्वरी, मुकुंदराज, दासोपंत आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यापाशी थांबतो. त्यांच्यावर अधिकाराने लिहिणारे आपल्यात आहेत. मी शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. म्हणून जरा खालच्या अंगाचा प्रश्न घेते. आपल्या गावात घोडदळ होतं. बालाघाटावरच्या थंडीत त्या घोड्यांखाली काय अंथरत असतील?

निजामाच्या राज्यात आपल्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ही फौज निजामाच्या खर्चाची, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५३ च्या तहात तिच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदी लष्करात सामावली गेली.

या घोडदळात शिलेदारीची पद्धत होती. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असतो. म्हणजे घोडा आजारी पडला तर नोकरी आणि भांडवल दोन्ही धोक्यात. खुराच्या तळाचा मऊ भाग ओलीत राहून कुजला की घोडा लंगडतो, आणि लंगडा घोडा शिलेदाराच्या घराला कर्जात घालतो. तेव्हा तबेल्यातली कोरडी जमीन ही घरच्या चुलीशी जोडलेली गोष्ट होती.

ही काळजी आपल्याकडे जुनीच. चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या पागेच्या कारभाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि रात्री दिवा उघडा ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंजीला आग लागेल, असा इशारा त्यात आहे. राज्यकर्त्याने उंदरापर्यंत विचार केला, कारण गवत गेलं तर पागा गेली.

थंड, ओल्या मुलखात, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये, हिवाळ्यासाठी वेगळी रीत आहे. सुरुवातीला गव्हाच्या काडाचा वीतभर जाड थर घालतात. रोज फक्त लीद उचलतात, खालचा ओला थर हलवत नाहीत, वर कोरडं काड टाकत जातात. खाली काड कुजतं, त्याची ऊब वर येते. वसंतात सगळा थर एकदम उपसून शेतात जातो. यात दोन अटी असतात. एक, हवा खेळती हवी, नाहीतर मुतातून सुटणारा अमोनिया खाली बसलेल्या घोड्याच्या छातीला बाधतो. दुसरी, खूर रोज साफ करायचे. रोजचं थोडं काम टाळून ते हंगामाच्या शेवटी एकदम करण्याचा हा करार आहे. आमच्या धंद्यातही असे करार होतात, आणि अट मोडली की महागात पडतात.

दख्खनमध्ये ही रीत का रुजली नाही, याचं उत्तर आपल्या शिवारात आहे. इथला हिवाळा कोरडा आणि दुपारचं ऊन खणखणीत. म्हणून हिंदुस्थानातल्या तबेल्यांची सर्वसाधारण रीत अशी, की सकाळी बिछान्याचं गवत गोळा करायचं, भिजलेलं उन्हात पसरायचं, आणि संध्याकाळी तेच पुन्हा अंथरायचं. थंडीसाठी अंगावर झूल. दुसरं कारण दुष्काळाचं. ज्वारीचा कडबा म्हणजे जनावराच्या तोंडचा घास. तो पायाखाली कोण घालणार? आपल्या गोठ्यातही गुरांखाली पडते ती खाऊन उरलेली चघळ, आणि ती पुढे उकिरड्यावर जाऊन खत होते. जिथे काड उदंड तिथे ते साठवून ऊब घेतली, जिथे ऊन उदंड तिथे गवत वाळवून घेतलं.

कंटिंजंटमधून पुढे आलेली २० वी डेक्कन हॉर्स पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत तिने घोड्यांवरून हल्ला केला. त्या हल्ल्याची नोंद युद्धाच्या इतिहासात आहे. पण घोड्याबरोबर मोतद्दारही लागतो आणि गवत कापणारा गडीही. दख्खनच्या उन्हात गवत वाळवणाऱ्या हातांनी फ्रान्सच्या चिखलातले हिवाळे कसे काढले, हे सांगणारी पानं फार थोडी. आज डेक्कन हॉर्स रणगाड्यांची रेजिमेंट आहे. तिला काडही लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात मात्र ‘छावणी’ हा शब्द अजून जिवंत आहे. २०१९ च्या दुष्काळात बीडमध्ये शेकडो चारा छावण्या उघडल्या. घोड्यांच्या जागी गाई-बैल आले, शिलेदाराच्या जागी शेतकरी. त्याचंही भांडवल दावणीलाच बांधलेलं होतं, आणि रात्री तो आपल्या जनावराशेजारीच झोपत होता.

गावाकडे ज्यांच्या घरी अजून गोठा आहे, त्यांना एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लीद, शेण, चघळ, उकिरडा यांच्या रीती लिहून घ्या. राजांच्या तारखा पुस्तकात सापडतात. जनावराखाली काय अंथरायचं आणि का, हे माणसाबरोबरच निघून जातं.