तळ्यात मासे आहेत, पण कुठले?

मंडळी, परवा नातवाला घेऊन किल्ला तलावावर गेलो होतो. काठाला माशांचा थवा बघून तो म्हणाला, "आजोबा, किती मासे! पाणी चांगलं असणार बघा." मी वाकून बघितलं. सगळी चिलापी. त्याला काय सांगायचं, तेच सुचेना. घरी आल्यावर आठवत बसलो, ते इथं लिहितोय.

आमच्या लहानपणी शहापुरात गल्लीगल्लीत हातमाग वाजायचे. गाव १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, त्यामुळं आबांच्या बोलण्यात संस्थानच्या गोष्टी असायच्या. माग थांबला की ते मला कपिलेश्वराला न्यायचे. दर्शन झाल्यावर तळ्याच्या पायरीवर बसून आम्ही माशांना चुरमुरे टाकायचो. मृग लागला की बासमतीच्या शिवारात, नाल्याच्या पाण्याला चढणीचे मासे यायचे. आबा एकेकाची ओळख करून द्यायचे. डोकं सापासारखं तो मरळ, लांबडी ती वांब, मिशा असलेला तो शिंगाळा.

या नावांची एक गंमत मला फार उशिरा कळली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यानं शास्त्रीय नावांत घातली. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात आजही 'सीनघाला' आहे. तो मासा कृष्णेच्या खोऱ्यातला, आणि आपलं बेळगावचं पाणीही मार्कंडेय, घटप्रभा करत कृष्णेलाच जातं. म्हणजे आबा सांगायचे ती नावं जगाच्या पुस्तकात आहेत. आमच्या नाल्यात मात्र तो मासा मी कित्येक वर्षांत बघितला नाही.

चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं भरपूर जगतात, आणि घाण पाण्यातही ती तग धरते. मरळ आणि मांगूर तर वर येऊन हवेतला श्वास घेतात. बाकीच्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. मासे जगायला तो लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम हवा, असं सरकारी मानक सांगतं. सांडपाणी, साबण, निर्माल्य तळ्यात गेलं की शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून मासे मरतात ते बहुतेक पहाटे. लोक म्हणतात, कुणीतरी विष घातलं. विष घालायला वेगळा माणूस लागत नाही, मंडळी.

आता आमच्याच घरचं सांगतो. आबा होते तोवर गणपती शाडूचा, वीतभर. ते गेल्यावर आम्ही भावांनी मोठी, चकचकीत प्लास्टरची मूर्ती आणायला सुरुवात केली. गल्लीत कौतुक झालं. विसर्जनाला हारांची पिशवी प्लास्टिकसकट पाण्यात सोडायचो आणि हात जोडून मागं फिरायचो. प्लास्टर लवकर विरघळत नाही, रंगात शिसं असू शकतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढं २०१० साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं विसर्जनाचे नियम काढले. आमच्या घरी शाडू परत यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. आई तेवढं म्हणाली, "आला म्हणायचा आबांचा गणपती."

तळं सुधारायचं म्हटलं की आपण गाळ काढतो, फरशी बसवतो, दिवे लावतो. ते व्हायलाच पाहिजे. पण आत येणारं गटार तसंच राहिलं तर दिव्याखाली चिलापीच दिसणार. मासे आहेत म्हणून पाणी चांगलं, असं नसतंय. किती जातीचे मासे आहेत, ते बघायचं.

नातवाला आता मी हेच शिकवतोय. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनाही एकदा विचारा, नाल्याला, तळ्याला कुठले मासे होते ते. नावं तरी लिहून ठेवू. उद्या पाणी सुधारलं, तर आलेल्या पाहुण्याला ओळखणारा कुणीतरी पाहिजे की!