शवागाराच्या नोकरीच्या खोट्या अटी

शवागारात नोकरी करायला काय लागते, असे उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात कुणालाही विचारा, उत्तर तयार असते. मन घट्ट लागते. घेतल्याशिवाय हात चालत नाही. तिसरे उत्तर आवाज उतरवून दिले जाते: ते काम ठरावीक लोकांचेच. दहावी-बारावी झालेल्या मुलाने अशा जागेचा अर्ज भरायचा म्हटले, की घरात सुतक आल्यासारखे होते आणि पहिला प्रश्न त्याच्या लग्नाचा निघतो.

हा पूर्वपक्ष उडवून लावण्याजोगा नाही. त्याच्या बाजूने अनुभव उभा आहे. शवागारात राबलेली माणसे स्वतःच सांगतात, की सुरुवातीला घास उतरत नव्हता आणि जुन्या सहकाऱ्याने बाटली पुढे केली. प्रेताच्या आणि सफाईच्या कामावर कोणत्या वस्त्यांतली माणसे जास्त दिसतात, तेही उघड आहे. तेव्हा हे मत खोडायचे तर अनुभव नाकारून भागणार नाही. अनुभव खरा आहे. त्याचे लावलेले कारण चुकीचे आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

आधी दारू. शवविच्छेदनाच्या टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर असतो, दुसऱ्या बाजूला परिचर. प्रेत तेच, वास तोच, वेळ तीच. डॉक्टरला दारू लागते असे कुणी म्हणत नाही, परिचराला मात्र लागतेच असे गृहीत धरतात. कामच दारू मागत असते तर ती दोघांनाही लागली असती. फरक आहे तो या दोघांना काय मिळते त्यात. एकाला शिक्षण, हातमोजे, मास्क आणि काम संपल्यावर निघून जाण्याची मुभा मिळते. दुसऱ्याला उरलेला सगळा वेळ त्याच खोलीत काढावा लागतो.

वासाचेही तसेच. उन्हाळ्यात साधारण १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट छटा दिसू लागते, हे न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात शिकवतात. आपल्याकडच्या दमट हवेत पुढची कुजण्याची क्रिया झपाट्याने होते. तेच प्रेत २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवले तर ती बरीच मंदावते, आणि जास्त दिवस ठेवायचे तर त्याहून खूप खाली, उणे तापमानात ठेवतात. म्हणजे शीतपेटी चालू असेल, हवा खेचणारा पंखा असेल, फरशीवरचे पाणी वाहून जात असेल, तर हे काम शुद्धीवर राहून करता येते. बिघडलेली शीतपेटी महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाही, तिथे बाटली येते. दारू ही त्या कामाची अट नव्हे. यंत्रणेने जे द्यायचे टाळले, त्याची भरपाई माणूस स्वतःच्या यकृताने करतो.

आता जात. हे काम ठरावीक लोकांचेच, याला शास्त्राचा आधार देणाऱ्यांनी शास्त्रच उघडून पाहावे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, शल्य शिकणाऱ्याने प्रेत कसे तयार करावे याची कृती आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचे प्रेत घ्यावे, आतड्यांतला मळ काढावा, मुंज किंवा कुश गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावे, वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावे, आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू खरवडत त्वचेपासून आतला एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. हे सांगणारा आचार्य प्रेताला हात लावणे हलके मानत नव्हता. वैद्य होण्याचा तो मार्गच मानत होता. पराशरस्मृतीत अनाथ ब्राह्मणाचे प्रेत वाहणाऱ्या द्विजाला पावलागणिक यज्ञाचे फळ सांगितले आहे आणि स्नानाने शुद्धी. त्या वचनातली जातीची चौकट मला मान्य नाही. पण प्रेताला शिवलेला माणूस कायमचा बाटतो, असे म्हणणाऱ्याला तेही वचन साथ देत नाही. पुढे १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालवली. ते संस्कृत आयुर्वेदाचे पंडित होते.

मग हे काम ठरावीक लोकांचे झाले कसे? गावगाड्यात मयताची वर्दी परगावी पोचवणे आणि सरणाची लाकडे नेणे ही कामे महारांच्या माथी मारलेली होती. ती त्यांनी निवडली नव्हती आणि नाकारण्याची सोयही नव्हती. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. वतन गेले तरी नेमणूक करणाऱ्यांच्या डोक्यातली यादी गेली नाही. लादलेल्या कामाला पात्रता म्हणायचे आणि मग ती पात्रता इतरांत नाही असे सांगायचे, हा तर्क जिथे निघतो तिथेच परत येतो.

राहिले घट्ट मन. ही अट सर्वांत सभ्य वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. शवागारात आणलेल्या एका प्रेताचे पुढे काय होते ते पाहा. मनगटाला किंवा पायाच्या अंगठ्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधली जाते. तोच क्रमांक नोंदवहीत आणि पोलिसांच्या कागदावर जुळावा लागतो. अनैसर्गिक मृत्यू असेल तर मरणोत्तर पंचनामा होतो, जो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली येतो. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा राखतात. जठर आणि त्यातले अन्न एका बरणीत, यकृत व मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर सुमारे एक तृतीयांश जागा मोकळी ठेवायची, नाहीतर कुजताना सुटणाऱ्या वायूने झाकण उडते. बहुतेक वेळा मिठाचे संपृक्त द्रावण घालतात. दारूच्या विषबाधेचा संशय असेल तिथे स्पिरिट वापरायचे नाही, कारण मग पुरावाच बाटतो. लाखेचा शिक्का, पंचांसमोर सही, आणि बरणी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे. कायद्याने शवविच्छेदन नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे असते. तरी कवटी उघडणे, बरण्या भरणे, शेवटी नीट टाके घालून शरीर नातेवाइकांना पाहता येईल असे करणे यात अनेक ठिकाणी परिचराचेच हात असतात.

यात घट्ट मनाचे काम किती आणि नीट वाचता-लिहिता येण्याचे किती? सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात प्रेतांची अदलाबदल झाली, एका घरचा मुलगा दुसऱ्याच कुटुंबाच्या हाती गेला आणि शवागारातले दोन कर्मचारी निलंबित झाले. तिथे कुणाचे मन कच्चे पडले नव्हते. ओळख पटवण्याची साखळी तुटली होती. मे २०२४ मधल्या डोंबिवली एमआयडीसीच्या स्फोटानंतर काही अवशेषांची ओळख डीएनए चाचणीवर सोडावी लागली. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या आणि कल्याण-कर्जत लोहमार्गाच्या शेजारी राहणाऱ्यांना असे प्रसंग परके नाहीत. करोनाची दोन वर्षे सोडली तर मुंबई उपनगरी रेल्वेवर दरवर्षी २,००० हून अधिक माणसे मरतात. त्यांतल्या ओळख न पटलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग, गोंदण, जुना टाका जो नोंदवून ठेवतो, तो कुठल्यातरी घराची वाट पाहणे संपवत असतो.

दुसऱ्या टोकाचा एक गैरसमजही खोडला पाहिजे. गुन्हेगारी मालिका पाहून आलेल्या मुलांना वाटते, की न्यायसहायक विज्ञानाची बी.एस्सी. केली की शवविच्छेदन करता येईल. तसे नाही. ती पदवी प्रयोगशाळेकडे नेते. शवविच्छेदनासाठी एमबीबीएस आणि तज्ज्ञ व्हायचे तर पुढे तीन वर्षांची न्यायवैद्यकशास्त्रातली एम.डी. लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अंत्यविधी व्यवस्थापकाला शिक्षण, उमेदवारी आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे असा परवानाच नाही, म्हणून कुणी 'परवानाधारक' करून देतो म्हणत शुल्क मागितले तर देऊ नका. परदेशी पाठवायच्या प्रेताचे एम्बामिंग इथे बहुतेकदा शरीररचना किंवा न्यायवैद्यक विभागातले डॉक्टर करतात. परिचराची जागा गट ड मधली, दहावीवरची, आणि राज्याच्या सातव्या वेतन आयोगात या गटाची सुरुवातीची श्रेणी १५,००० ते ४७,६०० रुपये.

स्मशानाचे कामही असेच कमी लेखले जाते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १० ने मृत्यूची खबर देण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर टाकले, त्यांत स्मशानाचा रखवालदार आहे. गॅसदाहिनी चालवायला आयटीआयचा फिटर किंवा वीजतंत्री उपयोगी पडतो. लिंगायत दफन बसवून करतात, लहान मूल पुरतात, हेही माहीत असावे लागते. आणि लोकांच्या रागापुढे कायदा सांभाळावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस गोळीबारात मेला, तेव्हा दफनाला जागा मिळेना. उच्च न्यायालयाला सरकारला जागा शोधायला सांगावे लागले, आणि विरोध असतानाही उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानात बंदोबस्तात दफन झाले. लोकांचा संताप मी समजू शकतो. पण तो खड्डा कुणालातरी खणावाच लागणार होता. मृतालाही सन्मानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा खटल्यात मान्य केले आहे, आणि प्रत्यक्षात तो हक्क फावडे हातात धरणाऱ्यावर येऊन ठेपतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप उरतो आणि तो मला मान्य आहे: काम कितीही कौशल्याचे असले तरी आज ते अनेक ठिकाणी ठेकेदाराकडून, तुटपुंज्या पगारावर करून घेतले जाते, मग शिकलेल्याने यावे कशाला? हा दोष नेमणुकीचा आहे, आणि तो दुरुस्त करायची संधी आपल्या दाराशी आली आहे. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, दरवर्षी १०० विद्यार्थी. तिथे शरीररचनेचे सभागृह लागणार, देहदानाची प्रेते राखावी लागणार, न्यायवैद्यक विभाग चालवावा लागणार. प्रेते राखायला वापरतात त्या फॉर्मालिनमधला फॉर्मल्डिहाइड हा सिद्ध झालेला कर्करोगकारक आहे, तेव्हा तिथला परिचर शिकलेला आणि संरक्षित असणे ही चैन नव्हे.

म्हणून महाविद्यालयाला, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाला आणि तिन्ही शहरांच्या पालिकांना विनंती, की या जागा कायमस्वरूपी भरा आणि टेबलापाशी उभे करण्याआधी शिकवा. आणि अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनो, मुलाखतीत तुम्हीही विचारा: नेमणूक कायम की कंत्राटी, हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस कोण देणार, आणि शीतपेटी चालू आहे का.