"सगळ्याच बायकांना होतं" म्हणण्याआधी हे वाचा

परवा आमच्या गल्लीतल्या एका सुनेला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिसरा महिना चालू आहे. दोन दिवस घोटभर पाणीसुद्धा पोटात टिकत नव्हतं. ओठ फुटलेले, उभं राहिलं की चक्कर. रिक्षा गेल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, "आम्हाला काय झालं नव्हतं का? सगळ्याच बायकांना होतं."

आजी वाईट नाहीत. त्यांच्या वेळी त्यांनाही हेच ऐकवलं गेलं असणार. पण या वाक्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यात बायकांचे जीव गेलेत. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

आधी फरक समजून घेऊ. सकाळी मळमळणं, वास सहन न होणं, एखाददुसरी उलटी हे खरंच बहुतेकींना होतं. पण साधारण शंभरात एक ते तीन बायकांना जे होतं ते वेगळंच असतं. दिवसभर ओकाऱ्या, पोटात काही नसलं तरी कोरडे उमाळे, वजन झपाट्याने उतरणं. डॉक्टरी भाषेत त्याला हायपरइमेसिस ग्रॅव्हिडेरम म्हणतात. हा आजार आहे, नखरे नाहीत.

'जेन आयर' लिहिणारी इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटी. १८५४च्या जूनमध्ये तिचं लग्न झालं आणि ३१ मार्च १८५५ला ती गेली. वय ३८. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिलाय. पण शेवटच्या महिन्यांत ती गरोदर होती आणि मळमळ-उलट्यांनी तिचं अन्न तुटलं होतं. त्यामुळे तिला याच आजाराने नेलं असावं, असं आज अनेक अभ्यासक मानतात.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला औषधशास्त्र पुढे गेलं, पण या बाईच्या बाबतीत उलटंच झालं. मनोविश्लेषणाची हवा होती. डॉक्टर सांगू लागले की ही बाई ओकते कारण तिला मनातून मूल नको आहे, किंवा नवरा नको आहे. मग उपचारही तसेच. तिला एकटीला खोलीत ठेवायचं, घरच्यांना भेटू द्यायचं नाही. १९३०च्या दशकात काही डॉक्टर तर तिला ओकायला भांडंही देत नसत. घाणीत पडून राहिली की आपोआप सुधारेल, असा हिशेब!

ब्रिटनमध्ये १९३१ ते ४० या काळात दर दहा लाख बाळंतपणांमागे १५९ बायका या आजाराने मरत होत्या. १९५१ ते ६० मध्ये हा आकडा ३ वर आला. त्यांची मनं बदलली म्हणून नव्हे. शरीरातलं पाणी आणि क्षार शिरेतून भरून काढायची सोय झाली, हे त्याचं मोठं कारण. आपण ज्याला साधं 'सलाईन लावलं' म्हणतो, तेच.

आता १९५७. पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आणलं. जाहिरात अशी की अगदी निर्धोक. चिठ्ठीशिवाय मिळायचं. गरोदरपणातल्या मळमळीवर ते सर्रास दिलं गेलं. पोटातल्या गर्भावर काय परिणाम होतो, हे कुणी नीट तपासलंच नव्हतं. हात-पाय आखूड किंवा नसलेली मुलं जन्माला येऊ लागली. हॅम्बुर्गचे डॉ. विडुकिंड लेन्झ आणि सिडनीचे डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी वेगवेगळं, पण एकाच सुमारास हे औषधाशी जोडून दाखवलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलांना फटका बसला होता. कंपनीने जाहीर माफी मागितली ती २०१२ साली. पन्नास वर्षांनी!

अमेरिका मात्र बऱ्याच अंशी वाचली, ती एका बाईमुळे. डॉ. फ्रान्सिस केल्सी औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. १९६० मध्ये रिचर्डसन-मेरेल कंपनीने परवानगी मागितली. केल्सींनी फाईल परत पाठवली. पुरावा अपुरा आहे, म्हणाल्या. कंपनीने वरून-खालून दबाव आणला, बाई हलल्या नाहीत. सरकारी खुर्चीत बसून एका सहीला नकार दिला तर किती घरं वाचतात, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा सन्मान केला आणि त्याच वर्षी औषधचाचण्यांचा कायदाही कडक झाला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. त्याच मेरेल कंपनीचं मळमळीवरचं दुसरं औषध होतं, बेंडेक्टिन. १९५६ पासून चालू, सुमारे तीन कोटी बायकांनी घेतलेलं. त्यानेही व्यंग होतं, अशा खटल्यांची रांग लागली. अभ्यासात तसं काही सापडेना, तरी खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ते बंद केलं. झालं काय? जन्मजात व्यंगांचं प्रमाण कमी झालं नाही. उलट्यांमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्वाचं तेच मिश्रण अमेरिकेत २०१३ मध्ये पुन्हा मंजूर झालं. मधली तीस वर्षं बायकांनी सोसलं. आपल्याकडे हे मिश्रण डॉक्टर आजही लिहून देतात.

म्हणजे बघा. आधी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मग न तपासता औषध दिलं. मग तपासलेलं औषधही घाबरून काढून घेतलं.

आणि खरं कारण कुणी शोधलं? अमेरिकेतल्या मार्लेना फेजो या जनुकशास्त्रज्ञ बाईंनी. १९९९ मध्ये याच आजारात त्यांचं बाळ पोटातच गेलं. त्यांचे डॉक्टर म्हणाले होते, लक्ष वेधून घेण्यासाठी चाललंय. त्यांनी पुढची वीसेक वर्षं यात घातली. डिसेंबर २०२३ मध्ये फेजो आणि केंब्रिजच्या संशोधकांनी मिळून 'नेचर'मध्ये दाखवलं की गर्भ आणि वारेतून येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या शरीरात ते कमी असतं, त्यांना एकदम वाढलेली मात्रा सोसत नाही. दोष ना मनाचा, ना सवयीचा.

आता आपल्या घरात येऊ. आपण सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतो. फुलांची वाडी भरतो, झोपाळा सजवतो, गाणी म्हणतो. छान आहे. पण सगळ्यात जास्त हाल असतात ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि तेव्हा आपली रीत काय? "तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नका." म्हणजे जेव्हा तिला सगळ्यात जास्त मदत हवी, तेव्हाच ती गुपचूप बाथरूममध्ये ओकत असते. ऑफिसात साहेबांना वाटतं ही दांड्या मारते. उसाच्या फडात तर आणखी वाईट, तिथे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो.

कायद्यातही हीच गत. २६ आठवड्यांची रजा आहे, पण बाळंतपणाच्या तारखेआधी त्यातले ८ आठवडेच घेता येतात. मग दुसऱ्या महिन्याचं काय? फार कुणाला माहीत नसलेली एक तरतूद इथे उपयोगी पडते. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा होती. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. आपल्या कचेरीत विचारा, मागा. आणि ऊसतोड करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ही रजा कोण देणार, हा प्रश्न मतं मागायला येणाऱ्यांना विचारा.

शेवटचं, आणि कामाचं. दिवसभरात पाणीही टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, चक्कर येत असेल, वजन उतरत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर आल्याचा तुकडा चघळत घरी बसू नका. दवाखान्यात न्या. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचे उपचार मोफत आहेत, १०२ आणि १०८ला गाडी मिळते. बरेच दिवस अन्न नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. मनाने कुठलीही गोळी देऊ नका. आणि डॉक्टरांनी विचार करून दिलेली गोळी भीतीने फेकूनही देऊ नका.

आमच्या गल्लीतली पोरगी दोन दिवस सलाईनवर होती. काल घरी आली. आजी स्वतः तिच्यासाठी भाताची पेज घेऊन गेल्या. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही, तिचा चेहरा बघूनच कळलं.

तुमच्या घरात कुणी असेल तर तिला फक्त एवढं विचारा, "पाणी टिकतंय का?" आणि ती जे सांगेल ते खरं माना.