शैवाक व हरिता (वामनवृक्षांवरील)
बोन्सायच्या सालीवर वाढणारे दोन वेगळे जीव. त्यांना सरसकट ‘शेवाळ’ म्हणणे चूक. शैवाक हे कवक आणि शैवल (किंवा नीलहरित जीवाणू) यांचे सहजीवन. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये हा दुहेरीपणा मांडला. गोड्या मसाल्यातील दगडफूल हे शैवाकच. त्याला मुळे नसतात. साल केवळ आधारापुरती, त्यामुळे झाडाचे अन्न ते घेत नाही. वाढ अतिशय मंद, बहुधा वर्षाला काही मिलिमीटर. म्हणून छोट्या खोडालाही ते वयाचा भारदस्तपणा देते. हरिता (मॉस) मात्र ओल धरते. बुंध्याशी तिचा जाड थर साचला, तर साल कुजण्याचा धोका असतो. मराठवाड्यातील परतूरसारख्या (जि. जालना) ठिकाणच्या कोरड्या हवेत ती पावसाळ्यात तरारते, उन्हाळ्यात सुकून सुप्तावस्थेत जाते. खोडावरील हरिता मऊ ब्रशने काढावी. शैवाक राहू द्यावे.